मेहजबीनबाईंचा शांततेचा तास

आमच्या शाळेत "मला कळलं नाही" असं उघड म्हणणारी एकच बाई आहे, ती म्हणजे दुसरीच्या वर्गाच्या मेहजबीन शेख. बाकीच्या आम्ही सगळ्या सर्वज्ञ. वरून परिपत्रक आलं की आम्ही माना डोलावतो, सही करतो आणि बाहेर येऊन एकमेकींना विचारतो, काय होतं गं ते? मेहजबीनबाई मात्र तिथंच, साहेबांच्या तोंडावर हात वर करतात. "सर, मला नाही कळलं. पुन्हा सांगता का?" मग साहेबांनाही ते कळलेलं नाही हे हळूहळू बाहेर येतं आणि सभा अर्धा तास लांबते. मला त्यांचा फार राग यायचा. मी पूर्णिमा, शेजारच्या पहिलीच्या वर्गाची बाई. आमच्या दोन वर्गांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे, तीही छतापर्यंत गेलेली नाही. त्यांच्या वर्गातलं पान उलटलं तरी मला कळतं, तेव्हा मी सांगते आहे ते कुणाकडून ऐकलेलं नाही.

शाळा कसबा पेठेत, मराठी माध्यमाची, आणि पट दरवर्षी घटत चाललेला. मागच्या खिडकीला लागून तांबट आळी. तिथं सकाळी नऊला मठारकाम सुरू होतं, म्हणजे तांब्याच्या हंड्यावर, बंबावर हातोडीनं एकाशेजारी एक ठोके पाडत जायचं काम. ते जेवणापर्यंत चालतं, जेवणानंतर परत चालतं. नवीन माणूस दहा मिनिटांत डोकं धरून बसतो. आमचं तसं काही होत नाही.

मेहजबीनबाईंच्या वडिलांचं बुधवार पेठेत रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. बाई लहानपणी शाळा सुटली की तिथं जाऊन बसायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, सेल बदलून बघा, वडील म्हणायचे, आधी उघडू द्या. त्याच चिकाटीनं बाई डी.एड. झाल्या आणि आज सव्वीस वर्षं आमच्याच शाळेत आहेत. साडी नेहमी इस्त्रीची, डबा नेहमी दोन माणसांचा, कारण अर्धा वर्गातल्या कुणाला तरी जातो. हुशार म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नाही. गोंधळलेली बाई, असंच सगळे म्हणतात. मीही म्हणायचे.

गेल्या वर्षी जुलैत वर्गात 'सजगता' आली. एका संस्थेचा उपक्रम होता. रोज सकाळी दहा मिनिटं मुलांनी डोळे मिटून शांत बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं, आवाज ऐकायचा, मनात काय चाललंय ते बघायचं. म्हणजे मुलं एकाग्र होतात, भांडत नाहीत, अभ्यासात पुढे जातात. पहिली-दुसरीच्या आम्हा बायकांना बिबवेवाडीच्या एका हॉलमध्ये दोन दिवस प्रशिक्षणाला बसवलं. शिकवणारी निकिता नावाची मुलगी, चोविशी-पंचविशीची, गोड बोलणारी. तिनं आमच्या हातावर एकेक बेदाणा ठेवला आणि म्हणाली, पाच मिनिटं घेऊन खायचा. मी तीस सेकंदांत खाल्ला आणि उरलेला वेळ तोंड हलवत बसले. मेहजबीनबाईंनी हात वर केला.

"हा खाल्ल्यावर काय व्हायला पाहिजे?"

"काहीच व्हायला नको, मॅम. जस्ट बी विथ इट."

"मग झालं की नाही हे मला कसं कळणार?"

निकिता हसली. हॉलमधल्या साठ बायका हसल्या. मेहजबीनबाई हसल्या नाहीत. बेदाणा तसाच रुमालात बांधून घरी घेऊन गेल्या आणि रात्रीच्या जेवणानंतर नवऱ्याला, शकीलभाईंना, पाच मिनिटं लावून खायला दिला. त्यांनाही काही कळलं नाही असं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं.

वर्गात मग धमाल सुरू झाली. एक तक्ता मिळाला होता, त्यावर पाच चेहरे: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, थकलेला. रोज सकाळी प्रत्येकानं आपल्या मनासारख्या चेहऱ्याखाली आपल्या नावाची चिठ्ठी लावायची. पहिल्या दिवशी चोवीसच्या चोवीस चिठ्ठ्या आनंदी चेहऱ्याखाली. दुसऱ्या दिवशीही तेच. नुकताच मार खाऊन आलेला, गालावर अश्रूंचे ओघळ असलेला पोरगाही आनंदी. चौथ्या दिवशी फैझल म्हणाला, "बाई, आजचं उत्तर तेच आहे ना? की बदललंय?" त्यांच्या लेखी ती परीक्षाच होती आणि आनंदी हे बरोबर उत्तर होतं. मेहजबीनबाईंनी समजावलं की याला चूक-बरोबर नसतं. दुसऱ्या दिवशी दोन पालक विचारायला आले, चूक-बरोबर नसतं तर मार्क कसे देणार? भिंतीच्या अलीकडे मी तोंडाला पदर लावून हसत होते.

आता ऋतुजाबद्दल सांगायला हवं. तांबट आळीतल्या रणजितची ही मुलगी, सात वर्षांची, बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची. बोलणं कमी आणि जरा बोबडं. दुसरीत आली तरी तिला वाचता येत नव्हतं. 'पुस्तकं काढा' म्हटलं की ही शेजारणीकडे बघायची आणि मग काढायची. प्रश्न विचारला की गोड हसायची. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, गणपतीच्या सुट्टीआधीच एक शिफारसपत्र तयार केलं होतं. मुलीची बौद्धिक वाढ कमी दिसते, तिला मतिमंद मुलांच्या शाळेत घालणं हिताचं ठरेल, असं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तशी एक शाळा आहे. पत्रावर फक्त वर्गशिक्षिकेची सही बाकी होती आणि ती मेहजबीनबाई करत नव्हत्या. "अजून मला ती मुलगी कळली नाही," एवढंच म्हणायच्या. मोठ्या बाई वैतागल्या होत्या. ऋतुजाची आई शालू शाळेत यायची ती मान खाली घालून, चपलांकडे बघत.

पत्राला आधार होता माझा. पहिलीत ऋतुजा माझ्याकडे होती. प्रगतिपुस्तकात तिन्ही वेळा मी शेरा लिहिला होता: लक्ष देत नाही. शेवटच्या वेळी पुढे आणखी लिहिलं होतं, सतत दुसऱ्यांच्या वहीत बघते. माझं अक्षर सुरेख आहे, सगळे वाखाणतात.

सप्टेंबरात निकिता वर्ग बघायला आली. तोच दिवस मोठ्या बाईंनी शालूला बोलावण्यासाठीही धरला, म्हणजे निकिता गेली की सही उरकून टाकायची. शालू आणि आणखी चार आया वर्गाच्या दाराशी उभ्या राहिल्या, त्यांच्या मागे मी. निकितानं आधी मुलांना विचारलं, डोळे मिटून सांगा, कुठले कुठले आवाज येतायत? मुलांनी बराच वेळ ऐकलं. मग मुलं म्हणाली, "कुठलेच नाही." बाहेर पाच हातोड्या चालू होत्या. निकिता बिचारी खिडकीकडे बघत राहिली.

मग तिनं पिशवीतून छोटी वाटी काढली. लाकडी काडीनं वाजवली की बारीक, लांब टिंग असा आवाज निघायचा आणि विरत जायचा. मेहजबीनबाईंनाही तशी एक दिलेली होती, पण त्यांचे पहिले दोन महिने चेहऱ्यांच्या तक्त्यातच गेले होते. नियम सोपा. सगळ्यांनी हात वर करायचा, डोळे मिटायचे. आवाज ऐकू येतोय तोवर हात वर, पूर्ण विरला की खाली. ज्याचं लक्ष पक्कं, त्याला आवाजाचं शेवटचं टोकही ऐकू येतं, असं निकिता म्हणाली.

टिंग झालं. चोवीस हात वर. पंधरा सेकंदांत निम्मे खाली आले, आणखी दहा सेकंदांत जवळजवळ सगळे. एक हात राहिला, ऋतुजाचा. पाठ ताठ, डोळे गच्च मिटलेले, चेहरा एकदम शांत. निकितानं आम्हाला हातानं गप्प राहायची खूण केली आणि मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं. अर्धं मिनिट झालं, एक मिनिट झालं, दीड मिनिट झालं. शेवटी निकितानंच हलकेच तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो हात खाली आला.

"अनबिलिव्हेबल," ती म्हणाली. "एवढ्या लहान मुलीत असा फोकस मी आजवर पाहिलेला नाही." तिनं ऋतुजाच्या फ्रॉकला पिवळा बिल्ला लावला, 'सजग बालक'. टाळ्या झाल्या. शालू पदरानं डोळे पुसत होती. मोठ्या बाईंनी ते पत्र कपाटात ठेवून दिलं आणि म्हणाल्या, असं मूल मतिमंद कसं असेल, आपलीच घाई झाली. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. मला मनातून मोकळं वाटत होतं. मुलीत लक्ष होतं, फक्त ते उशिरा उगवलं, असं म्हटलं की माझे शेरेही खोटे ठरत नव्हते.

मेहजबीनबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्या डबा न उघडता बसल्या होत्या. "पूर्णिमाबाई, जिला मी तीनदा सांगितलेलं कळत नाही, तिला वाटीचं शेवटचं टोक कसं ऐकू येतं?"

"अहो, चांगलं झालंय तर झालं म्हणा. किती उकरायचं?"

"नाही, पण कसं?"

दुसऱ्या दिवशी शालू पेढे घेऊन आली. शाळेत पेढे दहावीच्या निकालाला येतात, दुसरीच्या मुलीनं हात वर ठेवला म्हणून पहिल्यांदाच आले. तिनं मान वर करून प्रत्येकीला पेढा दिला. रणजितनं निकितानं पाठवलेला फोटो चौकट करून दुकानात लावला म्हणाली. "सगळ्यांत पहिली आली हो बाई. आमच्या घरात कुणी कशात पहिलं आलेलं नाही."

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी मेहजबीनबाईंनी मला भिंतीवरून हाक मारली. "जरा इकडे या. आणि बोलू नका." मी दारात उभी राहिले. त्यांनी मुलांना हात वर करायला लावले, डोळे मिटायला लावले. वाटी उचलली, काडी उचलली आणि वाजवलीच नाही. तशाच उभ्या राहिल्या.

पाच-सात सेकंदांत फैझल म्हणाला, "बाई, वाजवा ना." कुणी डोळे उघडले, कुणी कंटाळून हात खाली घेतले. एक हात वर होता. बिल्ला लावलेला फ्रॉक, मिटलेले डोळे आणि ओठांवर हसू, कारण यालाच टाळ्या मिळतात हे तिला ठाऊक झालं होतं. मेहजबीनबाई तिच्या मागे गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ऋतुजा." काही नाही. पुन्हा, जवळून. काही नाही. मग कानाशी वाकून घोगऱ्या, जाड आवाजात म्हणाल्या तेव्हा ती दचकून वळली.

सगळ्यांचं बघून ती हात वर करत होती, आणि डोळे मिटल्यावर ते खाली कधी आले हे तिला दिसायला मार्गच नव्हता. एक पूर्ण वर्ष ती मुलगी माझ्यासमोर बसली होती. दुसऱ्यांच्या वहीत बघत होती, कारण मी काय सांगितलं ते तिला तिथंच दिसत होतं. तिच्याइतकं लक्ष माझ्या वर्गात कुणाचंच नव्हतं. आणि मी तीन वेळा लिहिलं होतं ते.

आता सांगायचं की नाही, हा गोंधळ सुरू झाला. सांगितलं तर बिल्ला खोटा, पेढे खोटे, आणि ते पत्र कपाटातून परत बाहेर यायची भीती. नाही सांगितलं तर मुलगी हात वर करून बसलेलीच राहणार. मेहजबीनबाईंनी शकीलभाईंना विचारलं, मला विचारलं, मला परत विचारलं. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत राहू द्या, आईला थोडा आनंद मिळू दे. हे मी शालूसाठी म्हणत होते असं दाखवलं. खरं तर मला माझ्या शेऱ्यांची लाज वाटत होती, आणि ती चार दिवस पुढे ढकलता आली तर हवं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मेहजबीनबाई म्हणाल्या, "मी जाते त्यांच्या घरी. तुम्ही येता?" मी गेले.

पुढच्या खोलीत दुकान आणि भट्टी, मागे घर. रणजित आणि त्याचा भाऊ मोठ्या हंड्यावर ठोके घालत होते. आम्ही काय बोललो ते आमचं आम्हालाच ऐकू आलं नाही. मग बघितलं तर त्या घरात कुणीच बोलत नव्हतं. रणजितच्या आईनं, मथुराबाईंनी, दोन बोटं उभी करून शालूला चहाची खूण केली. शालूनं पंजा हलवून साखर विचारली. रणजितनं पायानं जमीन ठोकली तसा भाऊ वळला, आणि हनुवटीच्या एका झटक्यानं रणजितला सांडशी हवी असल्याचं त्याला कळलं. मधोमध ऋतुजा. प्रत्येक हाताकडे तिची मान वळत होती, कुणाला काय हवं ते सगळ्यांआधी तिला कळत होतं. पाणी आणलं, चिंधी आणली, आमच्यासाठी पाट मांडले. कामाच्या घरात वर्षानुवर्षं हीच बोली. तिथं तिचं काही अडलंच नव्हतं, मग कुणाला कळणार होतं?

मेहजबीनबाईंनी रणजितला काम थांबवायची खूण केली. ठोके थांबले.

"ऋतुजाला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. आडपडदा नाही, प्रस्तावना नाही.

"घरी सगळं ऐकते हो बाई," शालू म्हणाली. "एका हाकेत येते."

"मग हाक मारा. हात न हलवता."

ऋतुजा आमच्याकडे पाठ करून तांब्याचे कातरलेले तुकडे मांडत होती. शालूनं हाक मारली. मथुराबाईंनी मारली. त्या घरात एरवी कधी नसते एवढी शांतता होती. रणजितनं हातोडी खाली ठेवली आणि तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा त्याचा आवाज फुटला. मुलीनं एक तुकडा दुसऱ्याशेजारी नीट लावला.

शालूनं विचारलं, "म्हणजे ती पहिली आली नव्हती?"

"नाही," मेहजबीनबाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जाड, खालचे आवाज तिला जवळून येतात, बारीक आणि वरचे जवळजवळ नाहीच. बहुधा जन्मापासून. डोकं एकदम चलाख आहे, उलट एवढं ओठ वाचणारं मूल फार क्वचित दिसतं. मोठ्या बाईंनी ते पत्र फाडलं, निदान मला तसं सांगितलं. निकिताला फोन केला तेव्हा ती रडली. तिचा राग यावा असं मला वाटत होतं, पण येईना. टाळ्या काय तिनं एकटीनं वाजवल्या होत्या?

डिसेंबरात ऋतुजाच्या दोन्ही कानांना ऐकायची मशीनं लागली. ती वर्गात आली ते दचकतच. खडू फळ्यावर घासला की दचकायची, स्वतःच्या चपलेला दचकायची. पान उलटलं की थांबून परत उलटून बघायची. महिनाभरात ती अक्षरं जोडायला लागली. मेहजबीनबाईंनी वाटीचा खेळ बंदच केला होता. दहा मिनिटं नुसतं बसवायच्या, कुणी खिडकीबाहेर बघितलं तरी ओरडायच्या नाहीत.

जानेवारीत एका सकाळी ऋतुजा स्वतःच कपाटाकडे गेली, वाटी काढली आणि बाईंच्या टेबलावर आणून ठेवली. तिला तो खेळ हवा होता, त्यात ती पहिली येते. मेहजबीनबाईंनी मला हाक मारली. त्यांचा चेहरा उजळला होता. आता ही खरंच ऐकणार, हे मला बघायचं होतं.

टिंग झालं. चोवीस हात वर. आवाज विरत गेला, हात खाली येत गेले. साधारण मध्यावर, आठ-दहा मुलांच्या बरोबरीनं, ऋतुजाचा हात खाली आला. अगदी बरोबर. मेहजबीनबाईंचे डोळे भरले. मी दारातून टाळी वाजवायला हात वर घेतले.

ऋतुजानं डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं. अजून चार हात वर होते. तिचा चेहरा पडला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. मेहजबीनबाई धावल्या, तिला जवळ घेतलं, विचारलं. हुंदक्यांतच ती म्हणाली, "बाई, आधी मला जास्त ऐकू येत होतं."

आणि आम्ही काही म्हणायच्या आत तिनं एका कानातलं मशीन काढलं, मग दुसऱ्यातलं, दोन्ही नीट बाकावर ठेवली. डोळे मिटले आणि हात वर केला.

मेहजबीनबाई वाटी धरून उभ्या होत्या. मला रडू आवरेना. तिला हात खाली घे म्हणून सांगावं, तर आता ते तिला ऐकू येणार नव्हतं.